मशीनला हितांश कसा ठाऊक?

दांडी, जि. पालघर,
रविवार, १४ जुलै २०२४

स्नेहाच्या बाबांस,
जागृतीचा नमस्कार.

पत्राच्या पहिल्या ओळीत ‘आम्ही इकडे सुखरूप, तुमची खुशाली कळवावी’ असं लिहायची रीत आहे. तुम्हाला तिथं कागद मिळणार कधी आणि तुम्ही खुशाली कळवणार कधी! तरी रीत म्हणून लिहिते. मच्छीमार संघटनेचे भाऊ या शनिवारी सगळ्या खलाशांच्या घरची पत्रं गोळा करून पुढे पाठवणार आहेत, त्यात हेही जाईल. मागच्या खेपेला मी एकच पान लिहिलं म्हणून तुम्ही फुगून बसलात. आता घ्या, वाचून डोळे दुखतील एवढं लिहिते.

स्नेहा सातवीत गेली. माझ्या चपला घालून फिरते आणि वर मलाच विचारते, आई माझ्या चपला कुठं आहेत. गणितात कच्ची आहे, ते तुमच्यावर गेलं. माझं बोईसरचं पॅकिंगचं काम चालू आहे. नवीन सुपरवायझर आलाय, सारखा ‘भाभी, हाथ चलाओ, हाथ चलाओ’ करतो. परवा म्हटलं, दोनच आहेत, तिसरा तुम्ही आणून द्या. आता माझ्या टेबलाकडे फिरकत नाही. पावसाळी मासेमारीची बंदी चालू आहे, बोटी सगळ्या ओढून वर ठेवल्यात. पत्र्याची गळती मी स्वतः वर चढून डांबर लावून बंद केली. पंढरीकाका खाली उभे राहून ओरडत होते, ‘अगो पडशील, अगो पडशील!’ शिडी मात्र धरली नाही.

आयेचं मागून लिहिते. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

तुम्ही विचारलंत, दांडीत हळदीला आता कोण गातं, माझी कुणाला आठवण येते का. आणि खाली लिहिलंत की ओख्याच्या बोटीवरून पाकिस्तानवाल्यांनी धरून नेल्यापासून तुम्ही एकदाही गायला नाहीत, घशातून सूर निघतच नाही. हे वाचून मी आधी हसले, मग रडले. अहो, आठवण कुठली काढता! यंदा दांडीतल्या प्रत्येक हळदीला तुम्हीच गायलात.

घाबरू नका, मला वेड लागलेलं नाही. नीट सांगते.

दर्पण साउंडवाला आठवतो ना? तुमच्या मागे मिक्सर घेऊन बसायचा आणि ‘दादा, माईक तोंडाजवळ घ्या’ करायचा, तो. त्यानं तुमची एकूण एक हळद रेकॉर्ड करून ठेवली होती. बोईसरला कुणाकडून तरी शिकून आला आणि ते सगळं त्यानं कॉम्प्युटरला ऐकवलं. एआय म्हणतात त्याला. त्या एआयनं तुमचा आवाज उचलला, तुमच्या चाली उचलल्या. आता फक्त घरातल्या माणसांची नावं टाईप करायची. चहा पिऊन होईपर्यंत नवं कोरं गाणं तयार, तुमच्या आवाजात, तुम्ही जन्मात न गायलेलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. यंदा मे महिन्यात मुहूर्त नव्हते, म्हणून सगळ्यांनी लग्नं एप्रिलात उरकली. पंढरीकाकांच्या दीपालीची हळद होती. मी मांडवात हळदीचं ताट धरून उभी, आणि स्पीकरमधून तुम्ही. आधी घरातल्या गेलेल्या माणसांना हाक, मग थोरांना, मग पोरांना, अगदी तुमच्याच क्रमानं. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. केस सारखे केले, पदर सावरला. तुम्ही बघाल म्हणून! मग भानावर आले आणि मला स्वतःचीच एवढी लाज वाटली की ताट बाजूच्या बाईच्या हातात देऊन मी मांडवाच्या मागे जाऊन उभी राहिले. मागे कुणीतरी पुरुषमाणूस म्हणत होता, ‘प्रदीप कराचीच्या तुरुंगात आणि आवाज दांडीत, काय जमाना आला!’

गाणं कसं होतं विचाराल. खोटं कशाला बोलू, चांगलं होतं. दम लागत नाही, खोकला नाही, मधेच ‘पाणी आणा रे’ नाही. तुम्ही मात्र आदल्या दिवशी त्या घरी जाऊन बसायचात. चहावर चहा घेत बायकांना बोलतं करायचात. कुणाची कुणाशी खटकलीय, कोण ताडी पिऊन माडाखाली झोपलं होतं, सगळं पोटात ठेवायचात आणि दुसऱ्या दिवशी नाव घेताना बरोबर चिमटा काढायचात. सोजराबाईच्या नावाला दर वेळी तिच्या नळावरच्या भांडणाची ओळ लागायची आणि ती लटकंच मारायला धावायची. मशीननं तिला ‘मायेची सावली’ म्हटलं. सोजराबाई, मायेची सावली! ती स्वतःच म्हणाली, ‘ही कुनाची गो सोजरा?’ सगळ्यांना सारखंच गोड, एकालाही चिमटा नाही. तरी लोक नाचले. मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल बंद करा हे. कुणी म्हणालं नाही.

दर्पणला मी तिथंच गाठलं. तो म्हणतो, ‘वहिनी, दादाचं नाव जिवंत ठेवलंय मी.’ मी म्हटलं, ‘मेल्या, माणूस जिवंत आहे अजून! त्याला न विचारता त्याच्या तोंडात शब्द घालणारा तू कोण?’ त्याचं तोंड एवढंसं झालं. पण दुसऱ्या दिवशीच्या हळदीची सुपारी त्यानं घेऊन ठेवली होती, आणि ती काही त्यानं सोडली नाही.

इथपर्यंत दुपारी लिहिलं आणि भाकऱ्या टाकायला उठले. भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, नसलेला केर काढला. आता आयेचं लिहिल्यावाचून सुटका नाही.

आयेला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशन करू म्हटलं तर ‘पद्या आल्यावर करू, तवर बगायसारकं काय हाय?’ म्हणायची. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. तुमचा आवाज कानावर पडला तशी उठली आणि भिंती चाचपत एकटी पंढरीकाकांच्या मांडवापर्यंत आली. कुणीतरी खुर्ची दिली. तिचा चेहरा असा उजळलेला मी लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिला नव्हता. ‘पद्या आला,’ म्हणाली. ‘गाऊ द्या त्याला. झालं की येल माज्याकडं.’

गाणं संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. हळद झाली, जेवणं झाली, मांडववाले खुर्च्या उचलायला लागले, तरी ती पाय पुढे करून बसून राहिली. तुम्ही पाया पडायला याल म्हणून.

आम्ही सगळ्यांनी समजावलं. मी, पंढरीकाका, दीपालीसुद्धा हळदीच्या अंगानं येऊन बसली. ‘आये, मशीन आहे ते.’ ती म्हणाली, ‘मशीन हाय, तर त्याला हितांश कसा ठाऊक?’

हितांश म्हणजे पंढरीकाकांचा नातू. मागच्या गणपतीत झाला. तुम्ही त्याचं नाव आता इथंच पहिल्यांदा वाचत असाल. मशीननं गाण्यात त्याचं नाव घेतलं होतं. आणि तुमचा नेम आयेइतका कुणाला ठाऊक! न पाहिलेल्या पोराचं नाव तुम्ही गाण्यात घेत नाही. आधी त्या घरी जायचं, पोराला मांडीवर घ्यायचं, मगच नाव. मग ज्यानं हितांशचं नाव घेतलं त्यानं हितांशला मांडीवर घेतलं, आणि ज्यानं मांडीवर घेतलं तो गावात आला. यात तिची चूक काय काढायची? दर्पणनं लॅपटॉप आणून तिच्या हातात ठेवला, ‘आये, याच्यातून येतो आवाज.’ तिनं तो चाचपला आणि म्हणाली, ‘ह्या डब्यानं पोर मांडीवर घेतलं काय?’  

तो सगळा महिना तुम्ही गात होता. आज या आळीत, उद्या त्या आळीत. आये ओट्यावर बसून ऐकायची. सुरुवातीला वाट पाहायची, मग हळूहळू गप्प झाली. एक दिवस म्हणाली, ‘सगल्यांच्या दारात गातो, माज्या दारात येत नाय. रुसलाय. मीच त्याला भांडून ओख्याला लावला ना.’ तुम्हाला त्या वर्षी हळदीचा हंगाम सोडून जायचं नव्हतं, आणि ‘गान्यानं चूल पेटत नाय’ म्हणून तिनंच तुमची पिशवी भरली होती, ते तिच्या मनात रुतून बसलं होतं. मी किती सांगितलं, आये, ते आलेले नाहीत, रुसायला माणूस समोर लागतो. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, ‘तूच त्याला घरात घेत नायस.’

अहो, मी! तुमच्यासारखी माणसं सुटून आली असं कळलं की खाडा करून पालघर स्टेशनवर जाऊन उभी राहते ती मी! मला इतका संताप आला की मी ताट आपटलं. म्हटलं, ‘असता तर दावणीला बांधून ठेवला असता, कळलं?’ तिनं माझ्या हातचं जेवण सोडलं ते त्या दिवसापासून. स्नेहानं भरवलं तर दोन घास, नाही तर तेही नाही.

दर्पणनं दांडीत ते गाणं लावायचं बंद केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण गाणी तोवर सगळ्यांच्या फोनमध्ये गेली होती. कुणाच्या फोनची रिंग वाजली तरी तुम्ही. पोरं समुद्रावर जाताना लावून जायची. आये प्रत्येक वेळी मान उचलायची आणि पुन्हा खाली घालायची. मी किती जणांच्या हातापाया पडणार? काही जणांनी माझ्यासमोर फोनमधून गाणी पुसली, काही जण ‘हो हो वहिनी’ म्हणून निघून गेले.

जूनच्या सुरुवातीला तिनं अंथरूण धरलं. बोईसरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार असा नाही, शरीर थकलंय आणि खाणं नाही, घरी घेऊन जा. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवायला नको म्हणून ती पूर्ण रस्ता दांडा धरून ताठ बसली होती. मला तेव्हा कळलं की ही आता अशीच जाणार. मुलानं पाठ फिरवली आणि सुनेनं दार लावलं, असं समजून जाणार.

मग मी ते केलं, जे लिहायचं दुपारपासून टाळते आहे.

मी दर्पणच्या दुकानात गेले. म्हटलं, ‘तुझ्या मशीनला गाता येतं, तर बोलताही येत असेल. प्रदीपच्या आवाजात तीन वाक्यं बोलवून घे. आये, मी पद्या. मी तुझ्यावर रुसलो नाय. तू जेव.’ त्यानं हातातली वायर खाली ठेवली. ‘वहिनी, हे नको. गाणं वेगळं. मरणाऱ्या माणसाला असं फसवायचं नाही, पाप हाय.’ म्हटलं, ‘पाप तू एप्रिलात केलंस. आता मी करते आहे, तू बटणं दाब.’ त्यानं दाबली. तुमचा आवाज आला आणि मी स्पीकरच्या खोक्यावर खाली बसले. तुम्ही माझ्याशी कधी इतक्या संथपणे बोलला नाहीत. अर्धं वाक्य बोलून उरलेलं दारातून बाहेर जाताना बोलायची तुमची खोड. तरी ते तुम्हीच होता. मी पुन्हा एकदा लाव म्हटलं. तेवढं माझ्यासाठी.

दुपारी आम्ही दोघं घरी आलो. स्नेहाला मी सोजराबाईकडे पाठवलं. दर्पणनं आयेच्या उशाशी फोन धरला आणि तुम्ही बोललात, आये, मी पद्या. तिनं तोंड आवाजाकडे वळवलं. मी रुसलो नाय. तिनं मान हलवली. तू जेव. आणि तिनं हात पुढे केला.

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. ती तुमचं डोकं शोधत होती. बोलणं संपलं होतं आणि हात तसाच हवेत. मला पुढे होता येईना. शेवटी दर्पण गुडघ्यावर बसला आणि त्यानं आपलं डोकं तिच्या हाताखाली दिलं. तिनं केसांतून बोटं फिरवली. एकदा फिरवली, परत फिरवली. आणि म्हणाली, ‘येवढे केस? माज्या पोराला तर टक्कल हाय.’

मी फसकन हसले. भीतीनं हसले की कशानं, मला ठाऊक नाही. दर्पण तिच्या अंथरुणावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला. ती त्याला म्हणाली, ‘दर्प्या, तूच ना रे?’ मग माझ्याकडे वळली.

‘मंजे तो आलाच नाय?’

‘नाय, आये.’

‘कुनाच्याच हलदीला नाय?’

‘नाय.’

तिनं दर्पणच्या डोक्यावर थोपटलं. मग म्हणाली, ‘मंजे तो माज्यावर रुसला नाय गो.’ आणि माझ्याकडे पेज मागितली. माझ्याकडे! मी चमच्या-चमच्यानं भरवली, तिनं अर्धी वाटी खाल्ली. एवढा आनंद मला आपल्या लग्नात झाला नव्हता. पण शेवटचा चमचा तोंडात असतानाच तिचा चेहरा फिरला. ‘मंजे अजून तितंच हाय तो,’ म्हणाली, आणि पेज तोंडातून ओघळून गेली. दीड-दोन महिने मुलगा गावात असून दारात येत नाही याचं दुःख केलं तिनं; तुम्ही कैदेत असल्याचं दुःख तिला नव्यानं सुरू झालं. ‘गातो काय तितं?’ तिनं विचारलं. खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. म्हटलं, नाय आये, घसा उघडत नाय असं लिहिलंय.

‘गा म्हनाव,’ ती म्हणाली. ‘हलू का व्हयना, गा म्हनाव त्याला.’

त्याच आठवड्यात एका सकाळी, मी स्नेहाची वेणी घालत असताना, आये गेली. माझ्या हातचा चहा घेऊन गेली. लिहिलं एकदाचं. अहो, तुमची आई गेली. अग्नी पंढरीकाकांनी दिला, पुढचं सगळं रीतीनं झालं, त्याची काळजी करू नका.

मी केलं ते बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवा. मी ठरवून दमले. मी तिला फसवायला गेले आणि ती फसली नाही, म्हणून माझ्याशी बोलून गेली. फसली असती तर त्या फोनलाच पोरगा समजून तिनं डोळे मिटले असते, आणि आज मी तुम्हाला काय लिहिलं असतं?

आता एकच काम आहे आणि ते तुमचं आहे. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा हळदी सुरू होतील. पंढरीकाकांच्या पुतण्याचं ठरलंय. आपली भावकीच ती, म्हणून गेलेल्या माणसांना हाक घालताना यंदा आयेचं, साखरबाई हे नाव येणार. आपल्याकडे नव्यानं गेलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा त्याच्या पोरानं घ्यायचं असतं, मग बाकीच्यांनी. दर्पण परवा स्वतः येऊन सांगून गेला, ‘आयेचं नाव मी मशीनला देणार नाय.’ त्याच्यावर माझा विश्वास आहे. पण हे आता त्याच्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही. बोईसरला, पालघरला, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये तुमचा आवाज आहे. कुणीतरी नाव टाकेल आणि तुमच्या गळ्यातून तुमच्या आईला हाक मारून मोकळं होईल. त्याला आये कोण होती याचा पत्ताही नसेल. त्याआधी तुम्ही घ्या तिचं नाव. घसा उघडत नाही वगैरे मला सांगू नका. फाटक्या आवाजात घ्या, खोकत घ्या, भिंतीकडे तोंड करून घ्या. तिला चिमटाही काढा, ‘गान्यानं चूल पेटत नाय’ म्हणणारी म्हणून.

हे पत्र तुमच्या आधी तिथले साहेब वाचतात म्हणे. त्यांना मराठी येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घेतील. साहेब, तुमचा माझा काही परिचय नाही. हा माणूस एखाद्या दिवशी अचानक गायला लागला, तर त्याला गप्प करू नका. त्याची आई गेली आहे, आणि तिला अजून कुणी हाक मारलेली नाही.

तुमची,
जागृती